कांतीशेठचा नेम

आळेफाट्यावर रस्ता ओलांडायचा म्हणजे माणूस डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, देवाचं नाव घेतो आणि पळत सुटतो. आमचे कांतीशेठ तसं करत नाहीत. ते दुकानाच्या पायरीवर उभे राहतात, उजवा हात लांब करतात, अंगठा वर करतात, एक डोळा मिटतात आणि येणाऱ्या ट्रकची उंची अंगठ्याच्या नखावर मोजतात. मग समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत 'एक हजार एक, एक हजार दोन' असं पुटपुटत, ट्रकचं नाक खांबाला लागल्यापासून शेपूट सुटेपर्यंतचे सेकंद मोजतात. मग लांबी भागिले वेळ. मग म्हणतात, "छत्तीसचा स्पीड. जाऊ द्या याला."

तोवर तो ट्रक केव्हाच नाशिकच्या वाटेला लागलेला असतो आणि त्याच्या मागून टोमॅटोचा टेम्पो आलेला असतो. मग टेम्पोची लांबी. समोर चहा प्यायला निघालेले कांतीशेठ अर्ध्या तासाने पुन्हा आपल्याच गल्ल्यावर येऊन बसलेले मी पाहिले आहेत. "आज जमत नाही, सर," म्हणाले, "प्रत्येक जण वेगळ्या स्पीडने चाललाय."

दोन ड्रायव्हरांनी त्यांचा अंगठा बघून, म्हातारा लिफ्ट मागतोय असं समजून, गाडी थांबवली. शेठ उलट त्यांच्यावरच चिडले. थांबलेल्या गाडीचा वेग काय काढणार?

हे वेड उपजत नाही. कांतीशेठच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथं बस्तान बसवलं. आता घरात मारवाडीचे दोन-चार शब्द उरलेत, तेही राग आला की निघतात. खाली दुकान, वर घर. दुकानात पाइप, मोटारी, व्हॉल्व्ह, पाइपाला वळण द्यायचे एल्बो, टी आणि विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणी असो-नसो, ते वर आणायला लागणारं सगळं सामान. पंचक्रोशीत 'कांतीशेठचं माप' ही म्हणच पडली आहे. शेतकऱ्याने नुसतं सांगायचं की बोअर अमुक फूट, पाणी तमुक फुटांवर लागतं, टाकी बांधाच्या त्या अंगाला. शेठ डोळे मिटतात, ओठ हलवतात आणि सांगतात, मोटार किती खोल सोडायची आणि पाइप किती लागतील. एक पाइप उरत नाही, एक कमी पडत नाही. माप चुकलं तर मोटार कोरडी पडून जळते, म्हणून लोक दुसऱ्याचं काही ऐकत नाहीत.

मी त्यांचा मागचा शेजारी. आळ्याच्या हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. माझ्याबद्दल एवढंच सांगतो की या एकतीस वर्षांत फळ्यावर माझं उत्तर कधी चुकलं नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. बरं, सांगतो मोठेपणा म्हणूनच. माणसाकडे एखादीच गोष्ट असते.

शेठचा मुलगा बंगळुरूला नोकरीला लागला, तेव्हा जाताना आपला जुना कॉम्प्युटर दुकानात बिलं करायला ठेवून गेला. त्यात एक गेम राहिला होता. पडद्यावर निळं पाणी, आणि पाण्याखाली एक लांबट काळी वस्तू. शेठना आधी वाटलं, ही बोअरच्या मोटारीची जाहिरात असणार. म्हणून कंपनी कुठली ते बघायला त्यांनी ती उघडली, आणि स्वतःच आत जाऊन बसले.

ती पाणबुडी होती. आपण तिचे कप्तान. समुद्रावरून मालाची जहाजं जातात, आपण पाण्याखालून नळीतून डोळा वर काढून बघायचं आणि टॉरपेडो सोडून जहाज बुडवायचं. या गेममध्ये म्हणे एक सोय असते. बटण दाबलं की नेम कॉम्प्युटरच धरतो. शेठनी ती सोय पहिल्याच दिवशी बंद केली.

"मशीनने घेतलेलं माप मी गिऱ्हाइकाला देत नाही," ते म्हणाले, "मग समुद्रात कसं चालंल?"

तर मग नेम हाताने धरायचा. तो कसा, हे त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं ते गल्ल्यावरचं कॅल्क्युलेटर, दोन एल्बो आणि एक खारीक समोर मांडून. खारीक म्हणजे जहाज. आधी गेमबरोबर आलेल्या पुस्तकात बघून जहाज कुठल्या जातीचं ते ओळखायचं. पुस्तकात त्याची लांबी, डोलकाठीची उंची, पाण्याखाली ते किती बुडालेलं असतं, सगळं दिलेलं असतं. डोलकाठी नळीतून केवढी दिसते त्यावरून अंतर काढायचं. मधल्या उभ्या रेघेवरून जहाज सरकायला किती सेकंद लागतात त्यावरून वेग काढायचा. त्याचं तोंड आपल्याकडे किती अंशांत आहे ते बघायचं. आणि मग जहाज आहे तिथं मारायचं नाही.

"तिथं नाही मारायचं?" मी विचारलं.

"सर, चालत्या टेम्पोत गोणी फेकताना तुम्ही कुठं फेकता? टेम्पोवर फेकली तर रस्त्यावर पडंल. टेम्पो जिथं येणार तिथं फेकायची." खारीक त्यांनी पुढे सरकवली, एल्बो तिच्या वाटेवर नेऊन ठेवला, आणि मग खारीक खाऊन टाकली. "आता यात टॅन कुठं येतो तेवढं सांगा. पोरगा म्हणत होता टॅन लागतो."

एकतीस वर्षांत मला कोणी आपण होऊन टॅन विचारला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मी त्या दुपारी त्यांना टॅन शिकवला, पाइपांच्या कॅटलॉगच्या मागच्या कोऱ्या पानावर कोष्टक करून दिलं, आणि त्यांच्या आरमारात भरती झालो.

तेव्हापासून शेठचं बोलणं बदललं. मी दुकानात शिरलो की नमस्कार नाही, "सर, आज तुम्ही चाळीस अंशांत आलात. आणि स्पीड कमी आहे. गुडघा दुखतोय ना?" गुडघा खरोखरच दुखत असायचा. आमच्या हिला लांबून येताना बघून एकदा म्हणाले, "वहिनी जड मालाने चालल्यात." तिच्या हातात गव्हाची पिशवी होती हे खरं, पण घरी येऊन ती माझ्यावर दोन दिवस रुसली.

मग त्यांनी पाइपांचीच नळी केली. दोन एल्बो, चार फूट पाइप, आत मुलाच्या जुन्या दाढीच्या पेटीतले दोन आरसे. खालचं टोक गल्ल्याशी आणि वरचं टोक झरोक्यातून बाहेर. खुर्चीवरून न उठता सगळा चौक दिसायचा. चौकातलेच लोक त्यात डोळा लावायला यायचे. समोरच्या गॅरेजचा बबन मिस्त्री तर दर दुपारी यायचा, कारण त्याला त्यातून हॉटेलात भजी कढईतून निघाली का, ते दिसायचं.

"शेठ, एवढं भारी यंत्र केलंत," बबन डोळा न काढता म्हणायचा, "पन बोट काय बुडंना तुमची."

कारण खरी गोष्ट हीच होती. दोन वर्षं झाली, एक जहाज बुडत नव्हतं.

दुपारी दुकान शांत झालं की शेठ खेळायला बसायचे. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून पाचला त्यांची पाणबुडी वर यायची. मध्ये गिऱ्हाईक आलं तर त्याने उभं राहायचं. घासाघीस ऐन रंगात असताना शेठ एकदम हात वर करायचे. "सुटला!" मग सगळ्या दुकानाने गप्प. चहा ओतणाऱ्याने कप अर्ध्यात थांबवायचा. शेठ सेकंद मोजायचे. पन्नास, एकावन्न, बावन्न. आम्ही श्वास धरून आवाजाची वाट बघायचो. आवाज यायचा नाही. जहाज आपलं धूर सोडत पुढे. शेठ पाठ टेकवायचे आणि म्हणायचे, "गेला. नीट गेला."

चुकलेल्या प्रत्येक नेमानंतर हेच. गेला, नीट गेला. चेहऱ्यावर समाधान असं की जणू कोणाच्या बोअरला दोन इंची पाणी लागलंय. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं मी मनात म्हणायचो. आमच्या जुन्नर भागात द्राक्षं भरपूर, तसे कोल्हेही.

मी एकदा त्यांना डिवचलंसुद्धा. "शेठ, तुम्ही बटाटा खात नाही, मुंगी दिसली तर चप्पल उचलून पाऊल टाकता, आणि दुपारी बसून जहाजं बुडवता? हिंसा नाही का ही?"

"सर," शेठ हात जोडून म्हणाले, "आजवर एक तरी बुडाली का?"

दुकानातले सगळे खो खो हसले. शेठही हसले. पर्युषणाचे आठ दिवस ते कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, आणि शेवटच्या दिवशी चौकातल्या प्रत्येकाकडे जाऊन 'मिच्छामि दुक्कडम' म्हणत वर्षभराची क्षमा मागतात. एका वर्षी दुकानात परत येऊन त्यांनी पडद्यासमोरही हात जोडले, असं बबन सांगतो. बबनचं सगळंच खरं नसतं, पण हे असावं.

इथवर सगळी मजा होती. मग आळ्याचे नामदेवभाऊ मोटार घ्यायला आले.

नामदेवभाऊ म्हणजे शेठचं जुनं गिऱ्हाईक. नवीन बोअर घेतला होता, मोटार किती फुटांवर सोडायची ते विचारत होते. शेठनी डोळे मिटले, ओठ हलवले, आकडा सांगितला. तेवढ्यात नळीला डोळा लावून बसलेला बबन सहज बोलून गेला, "नामदेवभाऊ, जरा इचार करा बरं का. दोन वर्सं झाली, शेठला समोरनं चाललेली बोट लागंना. आन् तुमच्या जमिनीत तीनशे फुटांखालचं पानी लागतंय व्हय?"

सगळे हसले. नामदेवभाऊ हसले नाहीत. त्यांनी पडद्यावरच्या समुद्राकडे बघितलं, शेठकडे बघितलं, टोपी सरळ केली. "मंग उद्या येतो, शेठ. घरी इचारून येतो."

ते उद्या आले नाहीत. परवाही नाहीत. त्यांनी नारायणगावात चौकशी केल्याचं कळलं. आणि पाठोपाठ आणखी दोघं-तिघं 'घरी विचारून येतो' म्हणून गेले ते गेलेच. आपल्याकडे गोष्ट पसरायला वारा लागत नाही. आठ दिवसांत आळेफाट्यापासून आळ्यापर्यंत एकच बोलणं: शेठचं वय झालं, माप चुकायला लागलं. तीन पिढ्यांनी कमावलेलं नाव एका विनोदात चाललं होतं. शेठ बोलत नव्हते, पण आता गिऱ्हाइकाला आकडा सांगून झाल्यावर ते त्याच्या तोंडाकडे बघायचे. पूर्वी कधी बघायचे नाहीत.

मला राग आला. शेठसाठी आला, हे तर आहेच. पण खरं सांगायचं तर टॅन माझा होता. मी भर हॉटेलात उभा राहिलो आणि शेठना न विचारता जाहीर करून टाकलं, "रविवारी दुपारी सगळ्यांनी दुकानात या. शेठ तुमच्यासमोर बोट बुडवतील. गणित मी तपासणार आहे."

शेठना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. "कशाला, सर? राहू द्या ना."

"शब्द दिलाय मी."

"तुम्ही दिलाय," शेठ म्हणाले. मग कोष्टक माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बरं. तुम्ही दिलाय तर दिलाय."

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पाइपांच्या थप्पीवर बसले होते. नामदेवभाऊंना मुद्दाम बोलावून जहाजांचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं, म्हणजे लबाडीचा संशय नको. बबनकडे मोबाईलवरचं घड्याळ. मी कोष्टक आणि पेन्सिल घेऊन शेठच्या उजव्या हाताला. हॉटेलवाल्याने भजी तिथंच आणून विकायला सुरुवात केली.

बऱ्याच वेळाने एक जहाज आलं. एकटंच, मालाचं, मधोमध एक डोलकाठी.

"म्हशीवानी डुलत चाललीया की," बबन म्हणाला.

"डोलकाठी किती?" मी विचारलं.

"चोईस मीटर," नामदेवभाऊंनी पुस्तकात बोट ठेवून वाचलं. "लांबी एकशे धा."

डोलकाठी नळीत दीड अंशाची दिसत होती. मी टॅन लावला. नऊशे मीटर. बबनने वेळ लावली. जहाजाचं नाक रेघेला लागलं आणि शेपूट सुटलं, एकतीस सेकंद. म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटर. तोंड अगदी आडवं, नव्वद अंशांत. टॉरपेडोला नऊशे मीटर जायला अठ्ठावन्न सेकंद. तेवढ्यात म्हैस दोनशे मीटर पुढे जाणार. म्हणजे जहाज रेघेच्या तेरा अंश अलीकडे असताना सोडायचा. मी दोनदा ताळा केला. उत्तर सोळा आणे बरोबर होतं. फळ्यावर असतं तर मी त्याखाली दोन रेघा मारल्या असत्या.

पाणबुडी वळवून पुढे नेली, जहाजाच्या वाटेला काटकोनात उभी केली, अंतर पुन्हा जुळवलं. शेठचे हात इकडेतिकडे बटणं फिरवत होते. सुपारीच्या झाडावर चढणारा माणूस जसा खाली बघत नाही, तसे ते कोणाकडे बघत नव्हते.

"तेरा," मी ओरडलो.

"सुटला!"

दुकान गप्प. भजी हातात थांबली. बबन मोठ्याने मोजत होता. "पंचावन्न. छप्पन. सत्तावन. अठ्ठावन!"

काही नाही.

"एकोणसाठ," बबन म्हणाला. "साठ. मास्तर, किती मोजू? शंभरापोत्तर येतंय मला."

जहाज धूर सोडत पुढे गेलं. शेठनी पाठ टेकवली आणि अगदी हळू म्हणाले, "गेला. नीट गेला."

त्या हशाने पत्रा हलला. पाइपाच्या थप्पीवरून एक जण खाली घरंगळला, तरी हसतच होता. नामदेवभाऊंनी पुस्तक मिटून गल्ल्यावर ठेवलं. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि तेच जास्त लागलं. "जाऊ द्या, शेठ. वयोमानानं व्हतं. मी उद्या नारायणगावातनंच आणतो." एकेक करत सगळे पांगले. जाताना हॉटेलवाला उरलेली भजी घेऊन गेला.

मी उठलो नाही. उत्तर बरोबर आणि टॉरपेडो चूक, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. मी पुन्हा सगळं तपासलं. अंतर बरोबर. वेग बरोबर. कोन बरोबर. गेममधल्या नकाशावर टॉरपेडोची रेघ आणि जहाजाची रेघ एकमेकींना अगदी मधोमध छेदत होत्या. मग मी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं एक लहानशी तबकडी होती. दोन वर्षांत मी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं, कारण तिचा टॅनशी संबंध नव्हता. तिच्यावर बारा आकडा होता.

"शेठ, हे बारा काय?"

शेठ पुस्तक कपाटात ठेवत होते. ठेवत राहिले.

"टॉरपेडो किती खोलीवरून जाणार ते असतं," ते म्हणाले.

मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं. जहाज पाण्याखाली सात मीटर. मी पुन्हा तबकडीकडे बघितलं. बारा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि अगदी चिडायला झालं मला.

"खालून गेला!"

"हो."

"मुद्दाम?"

"मधल्या डोलकाठीच्या बरोबर खालून गेला, सर," शेठ म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात फुशारकी आली. "दोन वर्षांत एक चुकला नाही. सगळे डोलकाठीखालून. पाहिजे तर मागचे नकाशे दाखवतो."

मी खुर्चीत बसलो. आळेफाटा ज्याला आंधळा म्हणून हसत होता, तो माणूस दोन वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

"अहो, मग सांगायचं नाही का? दुकान जायची पाळी आली! आणि तो गेम आहे, शेठ. त्या जहाजात माणसं नाहीत."

"ठाऊक आहे, सर. मी काय खुळा आहे?" ते समोर येऊन बसले. गल्ल्यावरचा एल्बो हातात घेतला. मग बोलले ते पडद्याकडे बघून. "वहिनी होती तुमची, तेव्हा माझ्याशिवाय जेवायची नाही. एक वाजता ताट घ्यायची. मी खाली गिऱ्हाइकात. दोन वाजायचे, कधी तीन. वर जावं तर ही भिंतीला टेकून बसलेली. मी चिडायचो. म्हणायचो, जेवून घेत जा ना, मला कशाला बांधून ठेवतेस? काही बोलायची नाही. पोळ्या गरम करायची. पस्तीस वर्षं असं झालं. आता तीन वर्षं झाली तिला जाऊन. एकला वर जातो, कोणी नसतं. दोनला जातो, कोणी नसतं. कधीही गेलं तरी चालतं."

बाहेर नगरकडची गाडी भरत होती, कंडक्टर ओरडत होता. शेठ ते ऐकून थांबले, गाडी गेल्यावर पुन्हा बोलले.

"गेम खोटा आहे, बोट खोटी आहे. पण कोन काढताना, वेळ लावताना मजा येते आणि शेवटी बटण दाबायची वेळ आली की वाटतं, यातल्या कुणाची तरी कुणीतरी ताट घेऊन वाट बघत असंल. मग मी खोली वाढवतो. हिशोब बरोबर आला का, तेवढं कळलं की झालं. आणि मग तिच्या मागे मागे जातो, बंदर येईपर्यंत. एकटीच निघालेली असते बिचारी. तेवढीच सोबत."

सोबत कोणाला, हे मी विचारलं नाही. माझा चष्मा पुसायला झाला होता.

"उद्या चौकात सांगतो मी हे," मी म्हणालो.

"नाही." शेठ एकदम उठून उभे राहिले. "सर, तुम्हाला गळ्याची शपथ. पाइपवाला खोट्या बोटींवर दया करतो म्हणून मोबाईलवर फिरवतील. आत्ता चुकतो म्हणून हसतात ते बरं. हसायला तरी येऊन बसतात चार जणं."

त्या संध्याकाळी मी घरी जेवलो नाही. हिने विचारलं, काय झालं? मी तिला सगळं सांगितलं. तिच्याशिवाय कोणाला सांगितलेलं नव्हतं, ते आता इथं लिहितोय. शेठ रागावतील, पण ते फक्त पाइपांचा कॅटलॉग वाचतात. आणि बबन तेही वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलात गेलो. बबन होता, नामदेवभाऊ नारायणगावच्या गाडीची वाट बघत होते, आणखी दहा-पंधरा जण होते. मी उभा राहिलो.

"काल शेठची चूक नव्हती," मी म्हणालो. "चूक माझी होती. मी रात्रभर तपासलं. त्यांना शिकवलेला टॅनच चुकीचा होता. शेठनी माप बरोबर घेतलं होतं."

बबनने बाकावर थाप मारली. "तरी मी म्हनतच व्हतो! शेठ कसं चुकतील? मास्तरचंच गणित कच्चं!" आणि माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाला, "मास्तर, म्हणूनच मी धावीला नापास झालो व्हय?"

तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. दुपारपर्यंत बातमी आळ्यात पोचली. हायस्कुलातल्या जुन्या सहकाऱ्याने फोन करून तब्येत विचारली. एका माजी विद्यार्थ्याने, आता तो चांगला नातवंडांचा आजोबा होईल एवढा थोराड झालाय, माझे पेपर पुन्हा तपासून मिळतील का म्हणून निरोप पाठवला. अजूनही मी बाजारात गेलो की भाजीवाली सुट्टे पैसे देताना मुद्दाम मोठ्याने मोजून देते.

पण नामदेवभाऊ नारायणगावच्या गाडीत बसले नाहीत. ते थेट दुकानात गेले. "शेठ, त्या मास्तरच्या नादी लागू नका तुमी. तुमचं माप तुमी सांगा, तेवढंच खरं." शेठनी डोळे मिटले, ओठ हलवले, आकडा सांगितला. नामदेवभाऊ मोटार घेऊन गेले, आणि पाणी लागलं. बाकीचेही घरी विचारून परत आले.

शेठ संध्याकाळी आले, दारात उभे राहिले, हात जोडले आणि तसेच परत गेले. मला तेवढंही नको होतं. मी अजून चिडलेलोच होतो.

चार दिवसांनी दुपारी एक वाजता मी पानावर बसलो, तर हिने तीन ताटं घेतलेली. दोडक्याची भाजी, मुगाचं वरण, पोळ्या. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही.

"कोण येणार आहे?"

"फोन लावा," ती म्हणाली.

मी लावला. पलीकडून ट्रकचे हॉर्न आणि त्यामागे समुद्राचा आवाज.

"बोला, सर. जेवलात?"

"नाही. थांबलोय."

"का हो? कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. ताट घेतलंय."

नुसते हॉर्न ऐकू आले. मी दोनदा 'हॅलो' म्हणालो.

"आलो," शेठ म्हणाले. "सर, दहा मिनिटं. एक बोट अगदी बंदराच्या तोंडाशी आणलीय. तेवढी आत घालतो आणि आलोच."

दहा मिनिटं झाली. वीस झाली. पावणेदोन वाजले. मला भूक मुळीच सहन होत नाही, हे सगळ्या आळेफाट्याला माहीत आहे. मी चरफडत फोन उचलला आणि पुन्हा लावायला लागलो. हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला, भाजीवर झाकण ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली.

"राहू द्या," ती म्हणाली. "करू द्या त्यांना उशीर."

मग आम्ही थांबलो.